रोज चाळीस मिनिटं चालूनही कंबर तशीच : दिवसभराची हालचाल आणि पोटावरची चरबी

कारेलीबाग_प्रभात (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वडोदऱ्याच्या कमाटी बागेत सकाळी चालणाऱ्या आमच्या गटासाठी एक पानभर माहितीपत्रक काढायचं आहे. गटातली माणसं ३५ ते ६० वयाची, बहुतेक दांडिया बाजार, रावपुरा आणि कारेलीबागेतली. चालण्यात खंड नाही, तरी पोट हलत नाही, अशी सगळ्यांची एकच तक्रार आहे.

उदाहरण म्हणून हा नमुना धरा : ४५ वर्षांचे गृहस्थ, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७० किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. सकाळी ४० मिनिटं चालणं. मग नऊ-दहा तास दुकानाच्या गादीवर नाहीतर ऑफिसच्या खुर्चीत. जाणं-येणं स्कूटरवर. रात्री साडेनऊला जेवण आणि लगेच टीव्ही.

मला तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. ४० मिनिटं कमी पडतात ती का? रोज थोडं चालणं आणि रविवारी एकदम पावागडचा डोंगर चढणं, यांत चरबीच्या दृष्टीने फरक पडतो का? आणि मोजायचं काय, वजन की आणखी काही? काढे, चूर्णं आणि पट्टे सुचवू नयेत ही विनंती.

---

ऊर्जेचा_हिशेब

आधी त्या चाळीस मिनिटांचा जमाखर्च मांडू, कारण घोळ तिथेच आहे.

श्रम मोजायचं एकक मेट. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी लागते, तो एक मेट. (कॅलरी म्हणजे खाण्याच्या पाकिटावर छापतात ती, किलोकॅलरी.) खुर्चीत बसून किरकोळ काम करताना १.३ मेट धरतात, ताशी पाच किलोमीटरने चालताना ३.५ च्या आसपास. ७० किलोचा माणूस ४० मिनिटं चालला की मोबाइलमधलं ॲप १६० कॅलरी दाखवतं. पण तेवढा वेळ तो ओट्यावर पेपर वाचत बसला असता तरी ६० गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १००. पंधरा मिलीचा एक मोठा चमचा तेल १२० कॅलरींचं असतं. बागेतून परतताना सेव-उसळीवर वरून मूठभर, म्हणजे २० ग्रॅम, शेव घातली की ११० आल्या. ॲपवरचा १६० चा आकडा बघून 'आज कमावलंय' म्हणून खाणारा रोज तोट्यात जातो.

खाणं अजिबात वाढलं नाही असं धरलं तरी महिन्याला ३००० कॅलरी होतात. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे कागदावर महिन्याला ४०० ग्रॅमही नाही. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण शरीर दुसरीकडे काटकसर करतं. मोठ्या माणसांच्या एकूण ऊर्जाखर्चाची मोजमापं २०२१ साली एकत्र तपासली गेली. हालचालीतून वाढलेल्या खर्चापैकी सरासरी २८ टक्के भाग शरीराने इतर खर्च कमी करून भरून काढलेला दिसला. अंगावर चरबी जास्त असलेल्यांत ही काटकसर आणखी जास्त होती. सकाळी चालून आलेला माणूस दुपारी जास्त वेळ लवंडतो, एक जिना टाळतो, हा त्याचाच उघड दिसणारा भाग.

आता उरलेले तेवीस तास. व्यायाम म्हणून न केलेली, पण दिवसभर होत राहणारी हालचाल म्हणजे उभं राहणं, आत-बाहेर करणं, वाकणं, सामान उचलणं. या हालचालीत माणसामाणसांत प्रचंड फरक असतो. १९९९ साली जेम्स लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. कुणाची चरबी जेमतेम ०.३६ किलो वाढली, कुणाची ४.२३ किलो. ज्यांची चरबी वाढली नाही त्यांची ही नकळत होणारी हालचाल वाढली होती. पुढे २००५ मध्ये लेव्हाइन यांच्याच चमूने सडपातळ आणि स्थूल अशा बैठ्या लोकांचं उठणं-बसणं मोजलं. स्थूल माणसं दिवसात सुमारे दोन तास जास्त बसलेली होती. त्यांनी सडपातळ लोकांसारखी ऊठबस ठेवली असती तर दिवसाला ३५० कॅलरी जादा खर्च झाल्या असत्या. बागेतल्या चालण्याच्या साडेतीन पट! तुमच्या नमुन्यातल्या गृहस्थांची गळती गादीवरच्या दहा तासांत आहे.

आपल्याकडचा एक जुना दाखला पत्रकात जरूर घ्या. १९५६ मध्ये ज्याँ मेयर यांनी पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या कामगारांचा आहार आणि वजन तपासलं. हलक्या कामापासून भारी कामापर्यंत, जसं काम तसं खाणं, आणि वजन आटोक्यात. अगदी बैठी कामं करणाऱ्या कारकुनांत आणि दुकानदारांत मात्र हे नातं तुटलेलं होतं. हालचाल सगळ्यांत कमी, खाणं जवळपास भारी काम करणाऱ्यांइतकं आणि वजन सगळ्यांत जास्त. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा लगाम सैल होतो असा याचा अर्थ. म्हणून 'भूक लागेल तेवढंच खातो' हे गादीवर बसणाऱ्याच्या बाबतीत भरवशाचं माप नाही.

---

मापपट्टी

नमुन्यातल्या आकड्यांवरच बोलतो. ७० किलो आणि १६८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २४.८. परदेशी तक्त्यात २५ पर्यंत ठीक, म्हणून हे गृहस्थ निर्धास्त असतील. भारतीयांसाठीच्या २००९ च्या निकषांत २३ पासून वजन जादा आणि २५ पासून स्थूलता. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. यांची ९६ आहे. उंचीच्या निम्मी कंबर हा सोपा नियम लावला तर ८४ हवी. वजनकाटा यांना फसवतो आहे.

आपल्या बांध्यात हे वरचेवर दिसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांची तुलना २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोटाशी साठा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतही सर्वसाधारण स्थूलता २८.६ टक्के प्रौढांत, तर पोटाची स्थूलता ३९.५ टक्क्यांत आढळली. दोन आकड्यांमधले सगळे बीएमआयच्या चाळणीतून निसटलेले.

कंबर मोजताना होणाऱ्या चुका पत्रकात ठळक छापा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पँट पोटाखाली बांधली जाते. ३४ नंबरची पँट घालणाऱ्याचं पोट ३८ इंच भरू शकतं. सगळ्यांत खालची बरगडी बोटाने शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये पट्टी, कपड्यावरून नको, उघड्या अंगावर. पट्टी मागेपुढे एका पातळीत हवी, म्हणून आरशासमोर उभं राहा. नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढून घेतलेला आकडा स्वतःलाच फसवतो. शिंप्याची जुनी कापडी पट्टी ताणून लांब झालेली असते आणि कंबर कमी दाखवते, ती आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या. दोन मोजण्यांत एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडतोच. आठवड्याला एकदा, सकाळी, काही खाण्यापूर्वी मोजा आणि चार आठवड्यांची सरासरी बघा.

चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या घरगुती काट्यांवर फार विसंबू नका. तो काटा पायांतून बारीक वीजप्रवाह सोडून शरीरातलं पाणी अजमावतो आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतो. घाम गाळून आल्याबरोबर उभं राहिलात की आकडा बदलतो. शिवाय प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो, पोटाचा भाग त्यात नीटसा येतच नाही. अचूक माप हवं तर डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी मोजणारी तपासणी, पण चालण्याच्या गटाला त्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. नियमित चालण्याने आतड्यांभोवतीची, यकृताला घातक ठरणारी खोल चरबी वजन न हलताही कमी होते. काटा स्थिर आणि कंबर दोन सेंटिमीटर खाली, हे यशच समजा.

---

कारेलीबाग_प्रभात

फार उपयोगी. आणखी दोन शंका. नवरात्रात गटातले बरेच जण, विशेषतः महिला, नऊ रात्री तीन-तीन तास गरबा खेळतात आणि 'वर्षाचा व्यायाम झाला' म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे? आणि पावलं मोजणाऱ्या हाताच्या पट्टीवर दहा हजार पावलं रोज हवीतच का?

---

जोर_आणि_बैठका

दहा हजारांचा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. गोल आकडा रुजला, एवढंच. तुमच्या गटाला मी वेगळं सांगेन : आधी आठवडाभर काहीही न बदलता पावलं मोजा, सरासरी काढा आणि दर दोन आठवड्यांनी त्यात हजार वाढवा. हजार पावलं म्हणजे साधारण दहा मिनिटं. मिनिटाला शंभर पावलं पडत असतील तर चाल मध्यम वेगाची आहे. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही त्याची दुसरी खूण. गप्पा मारत बागेतल्या घड्याळापर्यंत रमतगमत जाणं या वेगात बसत नाही आणि गटाने चालणाऱ्यांचं नेमकं इथे चुकतं. सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच सगळ्या गटाचा वेग होतो. निदान मधली वीस मिनिटं ज्याने त्याने आपापल्या वेगाने चालावीत आणि शेवटी एकत्र यावं.

हाताची पट्टी कणीक मळणं आणि गरब्यातल्या टाळ्या हेही पावलांत धरते. उलट मोबाइल स्कूटरच्या डिकीत किंवा पर्समध्ये टेबलावर राहिला तर घरातली पावलं मोजलीच जात नाहीत. तुलना करायची तर एकाच साधनाच्या आकड्यांची, आपल्याच मागच्या आठवड्याशी.

गरबा. तीन तासांपैकी प्रत्यक्ष फेर दोन तास धरा आणि पाच मेट लावा. ६० किलोच्या बाईंचा बसण्याच्या वर जादा खर्च रात्रीला ४४० कॅलरींच्या आसपास. नऊ रात्रींचा ४०००, म्हणजे हिशेबाने अर्धा किलो चरबी. मध्यरात्रीच्या नाश्त्याने त्यातला बराच भाग परत येतो. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. अकरा महिने बसलेला पाय पहिल्याच रात्री अनवाणी तीन तास फिरकतो. मग पोटरी धरते, टाच दुखते, गुडघा सुजतो आणि पुढचे दोन महिने चालणंही बंद पडतं. चरबीच्या हिशेबात हे दोन महिने महागात जातात. सहा आठवडे आधीपासून चालण्याचा वेग वाढवा आणि पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा उचलायचा व्यायाम करा, १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटणं यांपैकी काही झालं तर फेर तिथेच सोडून दवाखाना.

रविवारच्या पावागडाबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या २०११ ते २०१८ च्या नोंदी, वय २० ते ५९, चरबी डेक्साने मोजलेली. आठवड्याची १५० मिनिटं एक-दोन दिवसांत उरकणारे आणि ती आठवडाभर विभागणारे, दोघांचीही पोटाची चरबी निष्क्रिय लोकांपेक्षा कमी आढळली. म्हणजे आठवड्यातून एकदाच जमत असेल तरी जा. पण हालचाल लोकांनी स्वतः सांगितलेली होती आणि एका वेळेची पाहणी कारण सिद्ध करत नाही. शिवाय १५० मिनिटं पुरी भरली पाहिजेत. माचीपर्यंत गाडी, पुढे रोपवे आणि परत येऊन जेवण, याला चढाई म्हणता येणार नाही.

आता ज्याबद्दल कुणी विचारलं नाही ते. तुमच्या गटात ताकदीचं काम दिसत नाही, आणि पत्रकात एकच गोष्ट वाढवायची असेल तर मी ती वाढवेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीबरोबर किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. चाळिशीनंतर स्नायू घटत जातो आणि त्याची जागा चरबी घेते. वजन तेच राहतं आणि कंबर वाढते. नमुन्यातल्या गृहस्थांचं बहुधा हेच झालंय. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात जोर-बैठका शिकवाव्या लागू नयेत, पण पन्नाशीच्या गुडघ्याला पूर्ण बैठक एकदम नको. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा, तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट थांबा. भिंतीला हात लावून जोर, दहा वेळा, तीन फेऱ्या. पाच लिटरचा पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी धरून, पाठ सरळ ठेवून, नितंब मागे ढकलत वाकणं आणि उठणं, दहा वेळा. शेवटच्या दोन वेळा कष्टाने जमल्या पाहिजेत. सहज बारा होऊ लागले की खुर्ची बुटकी घ्या, भिंतीऐवजी ओटा धरा. पोटाच्या शंभर उठाबशांनी पोटाची चरबी जात नाही. स्नायू तिथला दमतो, चरबी मात्र शरीर सगळीकडून वापरतं.

---

घरकाम_हेही_काम

वरचं सगळं मान्य. फक्त पत्रक दुकानदार काकांपुरतं लिहू नका. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ५७ टक्के, पुरुषांचं ४२. 'दिवसभर घरात उभीच असते' हे खरं असतं, पण नुसतं उभं राहणं बसण्यापेक्षा मिनिटाला फक्त ०.१५ कॅलरी जास्त घेतं. तासाला नऊ. ओट्याशी चार तास उभं राहून ३६ कॅलरी आणि वर कंबरदुखी. उभ्याने काम करायच्या महागड्या टेबलांनाही हेच लागू आहे.

पूर्वीच्या हालचालीत खाली बसून फरशी पुसणं होतं, दळण आणणं होतं, मंडईतून पिशव्या वाहून आणणं होतं. अर्धा तास बसून फरशी पुसली की ६० किलोच्या बाईच्या ६५ कॅलरी जादा खर्च होतात, मांड्या-नितंबांचं काम होतं ते वेगळं. कामाला बाई लावू नये असं मी म्हणत नाही. पण लावली की मोकळ्या झालेल्या त्या अर्ध्या तासाचं काय होतं, ते बघावं. बहुतेक घरांत तो मोबाइलकडे जातो.

घरात आणि दुकानात चालण्यासारखे बदल सांगते. जेवणानंतरची शतपावली आपल्याकडे आहेच, फक्त शंभर पावलं एका मिनिटात संपतात. दहा शतपावल्या घाला. तिन्ही खाण्यांनंतर हजार-हजार पावलं, दिवसाला तीन हजार, घामही नाही. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी चढते. गच्ची दहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन पन्नास येरझारा म्हणजे एक किलोमीटर. दर पाच मिनिटांनी वळायची दिशा बदला, नाहीतर एकाच गुडघ्यावर ताण येतो. मे महिन्यात आपल्याकडचं चाळिशीपार ऊन बघता सकाळी सात-साडेसातनंतर बाहेर चालू नये, गच्चीही रात्रीच.

दुकानात माळ्यावरचा माल पोऱ्याला आणायला न सांगता दिवसातून दहा वेळा स्वतः आणावा. जिन्याच्या कॅलरी थोड्याच, वीस पायऱ्यांच्या तीन, पण मांड्यांना आणि दमाला काम मिळतं. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत बसलेला चालक आणि दिवसभर जिने चढणारा वाहक यांचा अभ्यास जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये केला, तेव्हा हृदयविकार चालकांत जास्त निघाला. १९५६ मध्ये त्यांनी दोघांच्या गणवेशाच्या पँटच्या कंबरा ताडल्या, त्याही चालकांच्याच मोठ्या. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची ठेवा, भरायला उठावं लागतं. फोन आला की उभं राहून फेऱ्या मारत बोला. स्कूटर लहेरीपुरा दरवाज्याच्या अलीकडे लावून मांडवीपर्यंत चालत जा. पार्किंग शोधण्यात जाणारा वेळही वाचतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी हालचाल वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी डोसबद्दल बोलावं, उपाशीपोटी जोरात चालू नये आणि खिशात साखर ठेवावी. हे पत्रकात वर छापा, तळाला नको.

---

कारेलीबाग_प्रभात

सगळ्यांचे आभार. पत्रकाचा मसुदा असा केलाय : आधी मधुमेहाची सूचना, मग कंबर मोजायची रीत, मग आठवड्याचा तक्ता. सोमवार ते शनिवार सकाळी ४० मिनिटं, त्यातली मधली २० वेगात. तिन्ही खाण्यांनंतर हजार पावलं. मंगळवार-शुक्रवार खुर्ची, भिंत आणि कॅनचा व्यायाम. रोज तासातून एकदा उठणं. तीन महिन्यांत कंबर ९६ वरून ९० हे ध्येय लिहू का?

---

मापपट्टी

सहा सेंटिमीटर लिहू नका. आहारात काहीच न बदलता तीन महिन्यांत दोन ते तीन सेंटिमीटर कमी झाली तरी चांगलं चाललंय. ९० चं आमिष दाखवलं की सहाव्या आठवड्यात ९४ बघून माणूस सोडून देतो. 'तासातून एकदा उठणं' याच्यापुढे 'दोन मिनिटं चालणं' असंही घाला. उठून परत बसण्याला अर्थ नाही. आणि तक्त्यात कंबरेसाठी बारा आठवड्यांचे बारा चौकोन ठेवा, वजनासाठी एकही नको.

---

ऊर्जेचा_हिशेब

तेलाची ओळही घाला : चौघांच्या घरात महिन्याला किती लिटर तेल येतं ते लिहून ठेवा आणि त्यातलं अर्धा लिटर कमी करा. अर्धा लिटर म्हणजे सुमारे ४००० कॅलरी, माणशी महिन्याला हजार. तुमच्या चाळीस मिनिटांच्या दहा फेऱ्यांइतकं.